सहस्रचंद्रदर्शनाचा अकरा मिनिटांचा स्लाइडशो : प्रकल्प नोंदी

२ जानेवारी

काम असे: १ फेब्रुवारीला आजींचे सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, पावणेएक्याऐंशी वर्षांहून थोडे अधिक. जन्म १९४५चा. एवढ्या काळाचे फोटो आणि चार व्हिडिओ तुकडे मिळून मंगल कार्यालयात, जेवणाच्या पंगतीआधी दाखवायचे. लांबी ११ मिनिटे पक्की. पंगतीची वेळ झाली की त्याहून लांब काहीही कुणी बसून बघत नाही.

पहिला निर्णय: संगीत आधी, फोटो नंतर. बहुतेक ठिकाणी उलटे होते. आधी फोटो रांगेत लावतात, प्रत्येकाला पाच-पाच सेकंद देतात आणि शेवटी खाली एक गाणे अंथरतात. मग फोटो ठेक्याच्या मधेच कुठेतरी बदलतो. बघणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण तिसऱ्या मिनिटाला लक्ष उडते. इथे एकक सेकंद नाही, आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी. फोटो समेवर, म्हणजे फेरीच्या पहिल्या मात्रेवर, बदलणार.

संगीत घरचेच रेकॉर्ड करायचे, पेटी आणि तबला. पारंपरिक चालीतले भजन नुसते पेटीवर, गायन नाही. एक कारण असे की पुढे हा व्हिडिओ यूट्यूबवर नातेवाइकांसाठी ठेवायचा आहे. तिथे ‘अनलिस्टेड’ ठेवला तरी कंटेंट आयडीची तपासणी होतेच आणि ध्वनिमुद्रित गाणे ओळखले जाते. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरची ६० वर्षे चालतो, शब्द आणि चालीचा हक्क त्याहून वेगळा. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. घरच्या वादनात आवर्तने मोजून घेता येतात.

३ जानेवारी

वेळेचा हिशेब. तीन भाग.

पहिला भाग, जन्म ते लग्न: दादरा ताल, ६ मात्रा (ठोके), मिनिटाला ९० मात्रांची लय. एक आवर्तन ४ सेकंद. ६० आवर्तने, २४० सेकंद.

दुसरा भाग, संसार आणि मुले: केरवा ताल, ८ मात्रा, मिनिटाला ११२. एक आवर्तन ४.२८५७ सेकंद. ५६ आवर्तने, पुन्हा २४० सेकंद.

तिसरा भाग, नातवंडे आणि आज: दादरा पहिल्याच लयीत, ४५ आवर्तने, १८० सेकंद.

एकूण ६६० सेकंद, १६१ आवर्तने. त्यातून व्हिडिओला २८ (९, ७, ६, ६), अक्षरांच्या पाट्यांना १०. उरली १२३. ग्रुप फोटोला दोन आवर्तने द्यावीच लागतात. वीस चेहरे चार सेकंदांत कुणाला दिसत नाहीत. असे १८ ग्रुप फोटो धरले तर ३६ आवर्तने, बाकी ८७ आवर्तनांत ८७ फोटो. म्हणजे एकूण १०५ फोटो लागणार. आत्ताच पाच जणांकडून मिळून साडेसहाशेच्या वर फोटो यायची चिन्हे आहेत. निवड आकड्याने बांधली गेली की वाद कमी होतात. ‘हाही घ्या’ म्हणणाऱ्याला ‘मग कोणता काढू?’ एवढेच विचारायचे.

टाइमलाइन (संपादनाची पट्टी) सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे २५ चित्रांची. व्हीएचएस कॅसेटचे जुने चित्रण २५चेच आहे, आणि ४ सेकंदांचे आवर्तन म्हणजे बरोबर १०० फ्रेम.

५ जानेवारी

फोटो मागवण्याचा निरोप गेला. त्यात एक ओळ ठळक टाकली: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि फोटो काढल्याची तारीखही पुसली जाते. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर असा फोटो ओळखू येतो, चेहऱ्याभोवती चौकोन चौकोन दिसतात.

छापील फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो चालणार नाही, हेही कळवले. मूळ फोटो आणून द्या, स्कॅन करून परत देऊ. प्रत्येक अल्बमची पावती: कोणाचा, किती पाने, किती सैल फोटो.

एक तक्ता सुरू केला. रकाने: क्रमांक, वर्ष, ठिकाण, डावीकडून उजवीकडे कोण, कोणाकडून आला, परत केला का. फाइलचे नाव वर्षाने सुरू, मग महिना, मग अनुक्रमांक. महिना ठाऊक नसेल तर ००. कारण स्कॅन केलेल्या फोटोला संगणक स्कॅनची तारीख लावतो आणि तारखेने लावायला गेले की १९५२चा फोटो कालच्या वाढदिवसानंतर येतो.

८ ते ११ जानेवारी: स्कॅनिंग

चार दिवस यातच गेले, आणि जाऊ द्यायलाच हवे होते. इथे राहिलेली धूळ पुढे शंभर ठिकाणी पुसावी लागते.

साडेतीन बाय पाच इंची फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके): २१०० बाय ३००० पिक्सेल. अडीच बाय साडेतीनचे लहान फोटो १२००ला. त्याहून वर जाण्यात अर्थ नाही. कागदावरच्या छपाईत तेवढा तपशील नसतो, फाइल फक्त फुगते. स्कॅन टिफमध्ये, कामाची प्रत जेपेग ९२ दर्जाची. स्कॅनरची ‘ऑटो कलर’, ‘धूळ काढा’, ‘शार्प करा’ ही सगळी बटणे बंद. इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते. चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही, प्रतिमेतली चांदीच ती धूळ समजते.

काच पुसताना पाणी काचेवर फवारायचे नाही. कडेने आत शिरते आणि आतून डाग पडतो. फडक्यावर दोन थेंब, मग कोरडे फडके. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने, तोंडाने फुंकर नाही.

अडचणीचे तीन प्रकार आले.

चिकट पानांचा अल्बम, १९८०च्या दशकातला. वर प्लास्टिकचा पापुद्रा, खाली डिंकाच्या रेघा. फोटो नखाने उचलला तर वाकतो आणि वरचा थर तडकतो. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून, कोपऱ्यापासून करवतीसारखा हळू चालवला की बहुतेक सुटतात. सात फोटो सुटले नाहीत. ते सोडवले नाहीत. प्लास्टिक उलटून अख्खे पानच स्कॅनरवर ठेवले.

रेशमी पोताचा कागद. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे प्रत्येक खळग्याला एक पांढरा ठिपका. उपाय: फोटो एकदा सरळ, एकदा १८० अंशात उलटा स्कॅन करायचा, दुसरा फिरवून पहिल्यावर बसवायचा आणि वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के करायची. ठिपके निम्म्याहून कमी होतात, कारण उलट बाजूने आलेल्या उजेडात ते वेगळ्या जागी पडतात. दोन्ही थर एक पिक्सेलही सरकलेले नकोत, नाहीतर डोळे दुहेरी दिसतात.

काचेला चिकटलेला फोटो. भिंतीवरच्या चौकटीत दमट हवेने फोटोचा थर काचेलाच धरून बसलेला. ओढला तर चेहरा काचेवर राहतो. काचेसकट कॅमेऱ्याने काढला: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, कॅमेऱ्यापुढे भिंगापुरते भोक पाडलेले काळे कापड, ट्रायपॉड, टायमर. काळे कापड नसेल तर काचेत कॅमेराच दिसतो.

आलेल्या सगळ्या फोटोंपैकी एक सगळ्यांत जपून हाताळला. १९६१चा, स्टुडिओतला, नागमोडी कडांचा, उजव्या कोपऱ्यात स्टुडिओच्या नावाचा उठावाचा शिक्का. आजी सोळा वर्षांच्या, हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला जिना आणि कुंडी. शिक्का स्कॅनमध्ये अजिबात उमटत नव्हता. फोटो काचेवर ९० अंशांनी फिरवल्यावर दिव्याची तिरपी बाजू शिक्क्याच्या कडेला लागली आणि अक्षरे दिसली. ही कड आणि हा शिक्का कापायचे नाहीत, हे तक्त्यात लाल अक्षरात लिहिले.

१२ जानेवारी

रंगदुरुस्ती, गिंप या फोटो-संपादन कार्यक्रमात. १९७०-८०चे रंगीत फोटो लालसर झालेत, कारण छपाईतला निळसर-हिरवा रंग इतरांआधी विटतो. त्यातल्या लेव्हल्स या साधनात लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे घेऊन प्रत्येकाची दोन्ही टोके आलेखाच्या सुरुवातीला आणि शेवटाला आणायची. स्वयंचलित बटण साधारण हेच करते, पण मळवट, कुंकू किंवा लाल शालू असलेल्या फोटोत ते लालच मारून टाकते. तिथे हाताने. पांढरे धोतर पांढरे दिसले की थांबायचे.

कृष्णधवल फोटो रंगवायचे नाहीत, यावर ठाम. चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी साधनेही नकोत. पुसट चेहऱ्यात ती साधने दुसऱ्याच कुणाचे डोळे आणि दात भरतात. ज्यांनी त्या माणसाला पाहिलेय ते पहिल्या रांगेत बसणार आहेत. ओरखडे आणि डाग हील साधनाने काढायचे, तेही चेहऱ्याबाहेरचे. चेहऱ्यावरचा डाग फक्त झूम १०० टक्के करून, लहान ब्रशने.

१४ जानेवारी

आज फक्त तिळगुळाच्या निमित्ताने जमलेल्यांकडून नावे भरून घेतली. तक्त्यात ‘डावीकडून तिसरी कोण?’ असे ३१ प्रश्न होते, २६ सुटले. फोटो संगणकावर दाखवण्यापेक्षा ए-४ कागदावर सहा-सहा छापून पेन्सिलीसकट हातात दिले. ज्येष्ठ मंडळी कागदावर जास्त नावे सांगतात.

तक्त्याला एक रकाना वाढवला: माहेरचे किती, सासरचे किती, मुलांच्या घरांपैकी कोणाचे किती. येणाऱ्यांपैकी प्रत्येक जण निदान एकदा दिसलाच पाहिजे. पहिल्या निवडीत थोरल्या मुलाकडचे २९ आणि धाकट्या मुलीकडचे ४ होते. मुद्दाम झाले नव्हते, थोरल्याकडे कॅमेरा होता एवढेच. पण हॉलमध्ये ते कारण कोणाला दिसत नाही. आता १४ आणि १३.

१७ जानेवारी: ध्वनिमुद्रण

दिवाणखाना, दुपारी तीन. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकीवर गोधडी, जमिनीवर सतरंजी. रेकॉर्डर पेटीपासून हातभर अंतरावर, भात्याच्या बाजूला नाही. भाता ओढताना हवेचा आवाज येतो. तबल्याला दुसरा रेकॉर्डर, डग्ग्याच्या वर दीड फुटावर. दोन्ही ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. सर्वात जोराची थाप उणे १० डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी. सुरू करताना एक टाळी, म्हणजे दोन्ही ट्रॅक नंतर टाळीवर जुळवता येतात.

पहिला टेक वाया. वादन सुरेख होते, पण लय चढली. पहिले आवर्तन ४.०२ सेकंदांचे, साठावे ३.७१चे. साठ आवर्तने आठ सेकंद आधीच संपली. वादकांची यात चूक नाही, बैठकीत लय चढणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या टेकला तबलजींच्या एका कानात मोबाइलवरचा लेहरा (तालाची फेरी दाखवणारी फिरती धून) ९० मात्रांवर लावून दिला, दुसरा कान पेटीसाठी मोकळा. आवर्तन ३.९७ ते ४.०३च्या आत राहिले. हा टेक घेतला. तिसऱ्या भागासाठी तोच ठेका, पेटीचा सूर वेगळा. शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा), आणि समेवर पेटीचा स्वर पाच सेकंद धरून ठेवला. पडदा काळा होताना तो लागतो.

१८ जानेवारी: समेच्या खुणा

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन कार्यक्रमात दोन्ही ट्रॅक टाळीवर जुळवले. ऐकता ऐकता प्रत्येक समेला कंट्रोल-एम दाबले की चालू जागी लेबल बसते. १६१ लेबले एका दमात बसली, पण हाताने दाबलेल्या खुणा ०.१ ते ०.२ सेकंद उशिरा पडल्या. म्हणून आलेख मोठा करून प्रत्येक खूण धा-च्या सुरुवातीवर ओढली. दादऱ्यात धा धी ना । धा ती ना, दोन धा आहेत. समेच्या धा-ला डग्ग्याचा घुमारा आहे आणि आलेखात तो उंच टोकानंतर जाड लाटांच्या शेपटीसारखा दिसतो. चौथ्या मात्रेवर, खालीला (तालाच्या हलक्या जागी), या वादनात डग्गा घुमवलेला नाही, तिथे टोक आहे पण शेपूट नाही. एकदा ही शेपूट ओळखली की डोळ्यांनी खुणा लावता येतात, ऐकावेसुद्धा लागत नाही.

लेबले मजकूर फाइल म्हणून बाहेर काढली. सेकंदांना २५ने गुणून फ्रेम क्रमांक. ‘सरळ दर ४.२८ सेकंदांनी फोटो बदला ना’ असा प्रश्न येतो. केरव्याचे आवर्तन १०७.१४ फ्रेमचे आहे. १०७च्या ठोकळ्याने चाळीस आवर्तनांत साडेपाच फ्रेमहून जास्त, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद मागेपुढे होते, आणि त्यात हाताच्या वादनाची लवचीकता वेगळी. खुणांना पर्याय नाही.

आवाजाची पातळी: तिन्ही भाग उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचे माप), सर्वोच्च टोक उणे १.५ डेसिबल. मोनो करून ऐकले. हॉलचे स्पीकर बहुधा मोनोच असतात, आणि दोन रेकॉर्डरचे ट्रॅक नीट जुळले नसतील तर मोनोत डग्गा पोकळ होतो. तसा झाला. तबल्याचा ट्रॅक २ मिलिसेकंद पुढे घेतल्यावर भरला.

२० जानेवारी: व्हिडिओ तुकडे

१९९४च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आधीच डिजिटल करून मिळाली होती, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (चित्राच्या एकाआड एक ओळी वेगळ्या टिपलेल्या). हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. डीइंटरलेस करून घेतले. खालच्या दहा-बारा ओळींत थरथरती पट्टी असते, ती कापली. चित्र ४:३ आहे, ते ताणून १६:९ करायचे नाही. नवरा-नवरी दोघेही रुंद होतात. आवाजात विजेची घरघर: ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद कात्री, ८० हर्ट्झखालचे सगळे बंद, नंतर नॉइज रिडक्शन ९ डेसिबल. बारा-पंधरावर नेले की मंगलाष्टका पाण्याखालून आल्यासारख्या वाटतात.

मोबाइलचे तीन तुकडे. मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो. तसाच टाकला तर मिनिटाभराने ओठ आणि आवाज वेगळे होतात. शॉटकट हा व्हिडिओ-संपादन कार्यक्रम अशी फाइल ओळखून ‘एडिट-फ्रेंडली’ करायचे का विचारते. ‘हो’ म्हणायचे. एक तुकडा आयफोनवरचा एचडीआर (उजेडाच्या जास्त छटांचा) होता, टाइमलाइनवर धुतल्यासारखा फिकट. त्याच खिडकीत रंग बीटी.७०९ला, म्हणजे नेहमीच्या एचडी पडद्याच्या रंगांना, बदलायचा पर्याय आहे, तो लावल्यावर साडी पुन्हा जांभळी दिसली.

२१ जानेवारी

फोटोंचे आकार. मूळ ६००० बाय ४००० पिक्सेलचा एक फोटो उलगडला की मेमरीत ९६ एमबी घेतो. आठ जीबीच्या संगणकावर चाळीस फोटोंनंतर शॉटकट अडखळू लागले. दुसरा तोटा जास्त दिसणारा: फार मोठा फोटो हळूहळू झूम केला की जरीचे काठ, खिडकीचे गज, चटईची वीण चमचमतात.

म्हणून सगळे फोटो २८८० बाय १६२०च्या १६:९ कॅनव्हासवर आधीच बसवले. पडद्याच्या दीडपट, म्हणजे झूमला जागा उरते. मागचा रंग काळा नाही. जुन्या अल्बमच्या पानाचा गडद करडा. उभ्या फोटोमागे त्याच फोटोची धूसर प्रत पसरवण्याची पद्धत आहे, शॉटकटमध्ये त्याचे फिल्टरही आहे. इथे टाळली. धूसर मोठा चेहरा खऱ्या चेहऱ्याशी झगडतो. त्यापेक्षा दोन उभे फोटो शेजारी शेजारी: बारशाचा आणि मुंजीचा, एकाच मुलाचे. मोबाइलचे आडवे झालेले ११ फोटो इथेच सरळ केले, फिरवण्याची खूण काही कार्यक्रम वाचतात आणि काही नाही.

२२ ते २५ जानेवारी: जोडणी

सुरुवातीला एकाच ट्रॅकवर फोटो लावून एकावर एक सरकवून डिझॉल्व्ह केले, म्हणजे एक विरत असताना दुसरा उमटतो. चूक. प्रत्येक डिझॉल्व्ह तेवढी लांबी खातो. साठ डिझॉल्व्ह, प्रत्येकी २४ फ्रेमचा, म्हणजे १४४० फ्रेम, ५७.६ सेकंद गायब, आणि दुसऱ्याच फोटोपासून सम सुटलेली.

नवी मांडणी, दोन ट्रॅकची. विषम क्रमांकाचे फोटो खालच्या ट्रॅकवर, सम क्रमांकाचे वरच्यावर. प्रत्येक फोटो आपल्या समेच्या १२ फ्रेम आधी सुरू होतो आणि पुढच्या समेनंतर १२ फ्रेम संपतो. १०० फ्रेमच्या आवर्तनाला फोटो १२४ फ्रेमचा. फेड-इन आणि फेड-आउट २४ फ्रेमचे, फक्त वरच्या ट्रॅकवरच्या फोटोंना, आणि त्यात काळ्याऐवजी पारदर्शकतेने फेड करण्याची खूण टिचकवायची. ती विसरली तर दर दुसऱ्या फोटोला पडदा काळा होऊन उघडतो. अशा रीतीने डिझॉल्व्हचा मध्य बरोबर धा-वर येतो. जिथे सरळ कट आहे तिथे समेच्या एक फ्रेम आधी. नंतर पडलेला कट चुकलेला वाटतो, आधी पडलेला वाटत नाही.

या मांडणीतला सापळा: वरचा फोटो १६:९पेक्षा अरुंद असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी खालचा फोटो डोकावतो. आपले फोटो आधीच भरीव कॅनव्हासवर असल्याने वाचलो.

फोटो बदलायचा असेल तर काढून टाकायचा नाही. शॉटकटमध्ये एक्स दाबले की फोटो जातो आणि मागचे सगळे पुढे सरकतात. पुढची सगळी जुळणी त्या एका कळीने मोडते. झेड दाबले तर जागा तशीच रिकामी राहते. सर्वात बरे म्हणजे आर: नवा फोटो जुन्याच्या जागी, तेवढ्याच लांबीत.

हालचाल: साध्या फोटोला चार सेकंदांत १०० वरून १०६ टक्के, बस. ग्रुप फोटोला आठ सेकंदांत ११२, आणि झूमचा मध्य आजींच्या चेहऱ्यावर. प्रत्येक फोटोला हालचाल द्यायची नाही. १९६१चा स्टुडिओतला फोटो दोन आवर्तने निश्चल ठेवला, कडा आणि शिक्क्यासकट. मागे फक्त पेटी, तबला एक आवर्तन थांबतो, आणि पुढच्या समेला परत येतो. तेवढ्यासाठी तिथे ठेका कापून घेतला. कानाला तो मुखडा वाटतो, तूट वाटत नाही.

व्हिडिओखाली संगीत १६ डेसिबलने खाली, अर्ध्या सेकंदाच्या उताराने. मंगलाष्टका चालू असताना पेटी पूर्ण बंद. दोन सूर एकत्र ऐकवू नयेत.

२६ जानेवारी

पाट्या. अक्षरे टिरो देवनागरी मराठी या टंकात. ल आणि श आपल्या वळणाचे येतात. एका नातेवाइकाने मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पाठवला होता, तो उघडताच निरर्थक चिन्हे झाली. सरळ पुन्हा टंकला. अक्षरांची उंची पडद्याच्या निदान वीसाव्या भागाएवढी, ५४ पिक्सेलच्या खाली नाही. कडेपासून दहा टक्के जागा मोकळी, काही प्रोजेक्टर आणि टीव्ही कडा खातात. जोडाक्षरे आणि वेलांट्या प्रत्येक पाटीवर वाचून तपासल्या: ‘कीर्ती’, ‘स्मृती’, ‘ज्येष्ठ’. दिवंगतांच्या नावाआधी ‘कै.’ लावायचे की नाही हे घरच्यांनी ठरवले: नाही. फोटोत ते जिवंत आहेत.

२८ जानेवारी

एक्सपोर्ट. एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, सेकंदाला १२ मेगाबिट. आवाज एएसी १९२ किलोबिट. ६६० सेकंदांना सुमारे १ जीबी. एच.२६५ नको, कार्यालयातला टीव्ही किंवा जुना लॅपटॉप ते वाचेलच असे नाही. सुरुवातीला २ सेकंद आणि शेवटी ५ सेकंद काळा पडदा जोडला, म्हणजे फीत संपताच डेस्कटॉप दिसत नाही.

व्हॉट्सॲपसाठी वेगळी प्रत: १२८० बाय ७२०, २ मेगाबिट, १६५ एमबीच्या आसपास. तीही डॉक्युमेंट म्हणून.

३० जानेवारी: कार्यालयात चाचणी

प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८चा, ४:३. आपले चित्र त्यात ५७६ ओळींत बसते, वर-खाली पट्ट्या. पाट्यांची अक्षरे शेवटच्या रांगेतून वाचता आली, त्याहून लहान असती तर नसती आली.

दिवसा पडदे ओढूनही उजेड येतो. गडद फोटो, विशेषतः कृष्णधवल, राखाडी ढगासारखे. संध्याकाळी घरी मधल्या छटा १.१५ गॅमाने उचलून पुन्हा एक्सपोर्ट केले. घरच्या टीव्हीवर हे थोडे फिकट दिसते, म्हणून टीव्हीसाठी आधीची प्रत तशीच ठेवली.

प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए. त्यातून आवाज जात नाही. हेडफोनच्या भोकातून मिक्सरला केबल, लावताच घुंई. चार्जर काढला आणि घुंई गेली. म्हणजे त्या दिवशी लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, आधी शंभर टक्के भरून. मिक्सरचा आवाज ठरवून त्या जागी चिकटपट्टीने खूण केली, कारण सकाळी तोच मिक्सर सनईला वापरणार.

लॅपटॉप: सूचना बंद, झोपणे बंद, रात्रीचा पिवळा उजेड बंद. व्हीएलसीत सुरुवातीला फाइलचे नाव दाखवण्याची खूण काढली.

३१ जानेवारी

तीन प्रती: लॅपटॉपच्या डिस्कवर, एका एक्सफॅट पेनड्राइव्हवर, एका फॅट-३२ पेनड्राइव्हवर. फॅट-३२ला ४ जीबीची मर्यादा आहे, आपली फाइल त्यात बसते, आणि जुना टीव्ही हाच प्रकार वाचतो. तिन्ही प्रती शेवटपर्यंत वाजवून पाहिल्या. नुसती कॉपी झाली म्हणून विसंबायचे नाही.

२ फेब्रुवारी

काल दुपारी १२.४०ला दाखवले. १९६१च्या फोटोला तबला थांबला तेव्हा हॉल शांत होता. एक दुरुस्ती: चौथ्या मिनिटाच्या ग्रुप फोटोत आत्याबाईंचे नाव पाटीवर मावशी म्हणून गेले. तक्त्यात बरोबर होते, पाटी टंकताना चुकले. यूट्यूबच्या प्रतीत सुधारले.

मूळ टिफ, कामाचे जेपेग, ध्वनिमुद्रणे, लेबलांची फाइल, तक्ता आणि शॉटकटचा प्रकल्प एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगवेगळ्या घरांतल्या हार्ड डिस्कवर. फोल्डर नव्या जागी उघडून एकही फाइल ‘सापडत नाही’ म्हणत नाही ना, हे पाहिले.

छापील फोटो ज्याचे त्याला परत. प्रत्येकाच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने तक्त्यातला क्रमांक आणि नावे. बॉलपेन नाही, त्याची रेघ पुढून उठते. चिकट अल्बममधून सुटलेले फोटो त्यात परत लावले नाहीत, कागदी कोपऱ्यांच्या नव्या अल्बममध्ये लावून दिले. पाच अनोळखी चेहऱ्यांचे प्रश्न तक्त्यात अजून उघडे आहेत; ती पाने छापून आजींजवळ ठेवली आहेत, सोबत पेन्सिल.